अनुभव धागा: न्यू ऑर्लिन्समध्ये तुम्ही काय पाहिलंत, काय खाल्लंत?

आम्ही नुकतेच पाच दिवस अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सला राहून आलो. मन अजून तिथेच आहे, म्हणून हा धागा. ज्यांनी हे शहर पाहिलंय त्यांनी आपापले अनुभव लिहा. खाण्याबद्दल तर अजिबात हात राखू नका.

सुरुवात मी करते. शहर १७१८ मध्ये फ्रेंचांनी वसवलं, पण १७८८ आणि १७९४च्या आगींत फ्रेंच क्वार्टर या जुन्या भागातली मूळ वस्ती बरीचशी जळाली. पुन्हा उभी राहिली ती स्पॅनिश अमलात. रस्त्यावरून नुसती भिंत दिसते. बोळातून आत गेलं की फरसबंद चौक, मधे कारंजं, वर सज्जे. मला थेट आजोळचा वाडा आठवला.

पण जीव जडला तो गंबो या तिथल्या दाट रश्श्यावर. उतरलो होतो तिथल्या आजींनी शेजारी उभं करून शिकवला. तेलात मैदा घालून मंद आचेवर पाऊण तास ढवळायचा. आधी बेसनलाडवासारखा खमंग वास, शेवटी चॉकलेटसारखा रंग. हात थांबला की करपलंच! मग कांदा, सेलरी, ढोबळी मिरची. भेंडी मात्र त्यांनी आधी वेगळी परतून घेतली, तार जावी म्हणून. अगदी माझ्या आईसारखी. गंबो हे नावच आफ्रिकेतल्या बांटू भाषांतल्या भेंडीच्या शब्दावरून आलंय, गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर. आजींनी हे ढवळता ढवळता सांगितलं आणि मला पुढे काही बोलवेना.

*

छान धागा! मी तिथे दोन वर्षं शिकायला होते. सोमवारी घरोघरी रेड बीन्स आणि भात, म्हणजे आपला राजमाच. सोमवार पूर्वी धुण्याचा दिवस. रविवारचं उरलेलं हॅमचं हाड घालून बीन्स रटरटत ठेवले की बायका धुण्याला मोकळ्या. त्यामुळे शाकाहारी मंडळींनी विचारल्याशिवाय खाऊ नये. भेंडी दिसली तरी गंबोतही बहुधा कोंबडी, सॉसेज किंवा कोळंबी असतेच.

सकाळी कॅफे दु मॉन्दला जरूर जा, १८६२ पासून चालू आहे. गरम बेन्ये, म्हणजे कणकेचे तळलेले फुगीर चौकोन, त्यावर पिठीसाखरेचा ढीग. काळे कपडे घालू नका! कॉफीत चिकोरी आणि भरपूर दूध. पहिल्याच घोटाला मला माटुंग्याची फिल्टर कॉफी आठवली.

*

मी २००८ मध्ये कामासाठी गेलो होतो. २६ जुलै २००५ला कुर्ल्यात छातीभर पाण्यातून घर गाठलेला माणूस मी. त्यानंतर पाच आठवड्यांच्या आत, २९ ऑगस्टला, तिथे कॅटरिना चक्रीवादळ आलं. पूरभिंती फुटल्या आणि जवळपास ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं.

लोअर नाइन्थ वॉर्ड या पुरात बुडालेल्या वस्तीत गेलो तेव्हा दारांवर रंगाने फवारलेल्या फुल्या अजून होत्या. फुलीच्या वर तारीख, डावीकडे शोधपथकाची खूण, उजवीकडे आतला धोका आणि खाली सापडलेल्या मृतांचा आकडा. मी प्रत्येक दारापाशी आधी खालचा आकडा बघत होतो.

एका घराला नवा पिवळा रंग दिला होता, फुलीची जागा तेवढी सोडून. पायरीवर एक गृहस्थ मोठ्या परातीत कोळंबी सोलत बसले होते. मी फुलीकडे बघतोय हे त्यांनी पाहिलं. हात पुसले, सरकून जागा केली आणि विचारलं, "जेवलास का?"