बाळाच्या घरी जाणाऱ्या ताईला आधी काय द्यायचं?

उंबरठा

हा घरचा आहेर आहे, कारण ज्या प्रशिक्षणाबद्दल तक्रार करतेय त्यात शिकवणाऱ्यांपैकी एक मीच होते.

गेल्या महिन्यात पुण्यात स्वारगेटजवळच्या एका हॉलमध्ये नवजात बाळांच्या घरभेटींचं प्रशिक्षण तीन दिवस झालं. आशाताई (वस्तीत आरोग्याचं काम करणाऱ्या) आणि अंगणवाडी सेविका मिळून साठेक जणी. प्रोजेक्टर, पोहे, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. पुढच्या आठवड्यात त्यांतल्याच एकीबरोबर मी जनता वसाहतीत गेले. बाळ चौदा दिवसांचं. पर्वतीच्या उतारावरच्या त्या पायऱ्या चढून धापा टाकत पोचलो. ताईंनी दारातूनच विचारलं, "दूध पाजता ना?" "हो." "ताप वगैरे?" "नाही." "नाळ पडली?" "पडली." कार्डावर टिका झाल्या आणि चार मिनिटांत आम्ही परत पायऱ्यांवर. बाळ आत होतं. आम्ही ते पाहिलंसुद्धा नाही.

हॉलमध्ये ह्याच ताईंनी श्वास कसे मोजायचे ते घडाघडा सांगितलं होतं: बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट, दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजायचे, तरी तेवढेच आले तर दवाखाना. टाळ्या मिळाल्या होत्या त्यांना. पण सासूबाई दार अडवून उभ्या असताना आत कसं जायचं, शेकशेगडी चालू असलेल्या खोलीत कुठे बसायचं, दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाची छाती उघडून दाखवा म्हणून कसं सांगायचं, हे आम्ही शिकवलंच नव्हतं. हॉलमध्ये सासू नसते.

दोन दिवसांनी अप्पर इंदिरानगरात एका जुन्या ताईंबरोबर गेले. त्यांनी आधी मोरीवर हात धुतले. मग आजींना म्हणाल्या, "नात कोणावर गेलीय हो?" आणि बसल्या. बाळ उठेपर्यंत नुसत्या बसून राहिल्या. मला चुळबुळ व्हायला लागली, त्यांना नाही. बाळ उठलं, आईनं पाजायला घेतलं, तेव्हा त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "नुसतं बोंड धरलंय गं त्यानं. काळा भाग आत जाऊ दे, हनुवटी छातीला टेकू दे." आईनं बाळ सारखं केलं आणि एकदम रडायलाच लागली. दुखतं म्हणून ती रात्री चोरून वरचं दूध देत होती. आधीच्या भेटीत तिच्या कार्डावर 'फक्त आईचं दूध' अशी टिक होती.

माझं म्हणणं एवढंच: नव्या पुस्तिका, नवे तक्ते, नवं ऍप काही वर्षं थांबवा. तो पैसा ह्या जुन्या ताईंना द्या आणि नव्या ताईच्या पहिल्या दहा भेटींना त्यांना सोबत पाठवा. चुकत असेन तर सांगा.

नोंदवही

चुकताय. अंगणवाड्यांवर देखरेख करणारी मुख्यसेविका म्हणून निवृत्त झाले आहे, तेव्हा जुन्या ताईंचं कौतुक मलाही आहे. पण माझ्या बीटमधल्या, म्हणजे माझ्याकडच्या भागातल्या, सगळ्यांत लाडक्या सेविकेचंच सांगते. कुठल्याही घरात तिला आधी चहा, मग गप्पा. ती वर्षानुवर्षं बाळाला मध चाटवायला सांगत होती. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो, त्यातून बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. बाईचा हात सोन्याचा, माहिती तिच्या आजीची. तिच्याबरोबर दहा नव्या मुली पाठवल्या असत्या तर दहा वस्त्यांत मध गेला असता. टाळूवर वाटीभर तेल ओतणं, काजळ, गुटी, सगळंच.

पुस्तिका कंटाळवाणी असते, मान्य. पण कोंढव्यात आणि येरवड्यात एकच गोष्ट सांगितली जाते ती तिच्यामुळे.

आणि तुम्ही सांगताय ते नवीन नाही. आशांच्या सहाव्या-सातव्या पुस्तिकेचं प्रशिक्षण मुळात २० दिवसांचं, चार फेऱ्यांत वाटलेलं. फेरी झाली की आपल्या भागात जाऊन सराव करायचा, मग पुढच्या फेरीला यायचं. मधला तो सराव बघायला कोणी जात नाही, गोम तिथे आहे. पुस्तिका का बंद करायची?

दहा_बाय_दहा

माझी आई आशा आहे, त्यामुळे वरचं वाचून जरा तिडीक आली.

त्या चार मिनिटांचा हिशोब कोणी केला का? दवाखान्यात झालेल्या बाळंतपणाला तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस अशा सहा भेटी. सहाही झाल्या की बाळामागे २५० रुपये. म्हणजे एका भेटीचे चाळीसच्या आसपास, पर्वतीच्या पायऱ्या धरून. २०१८ पासून पुढच्या पाच भेटी वाढल्या, तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत, एकेका भेटीला ५० रुपये. त्याच दिवशी लसीकरणाची यादी, सर्वेक्षण, पावसाळ्यात डेंग्यूसाठी पिंपं उघडून बघायची. बाळ उठेपर्यंत बसायला कोणाला आवडत नाही? आईला आवडतं. ती बसली की पुढची तीन घरं राहतात.

साहित्याचं म्हणाल तर वजनकाट्याची झोळी दोनदा आमच्या शिलाई मशीनवर शिवलीय. थर्मामीटरचा सेल संपला तर तो आणायचा आपल्या पैशानं.

२०२३ मध्ये आशांचा संप झाला, पाठोपाठ डिसेंबरात अंगणवाडीचा. दोन्ही वेळी मागण्यांत मानधन वर होतं. 'आम्हाला घरात शिरायला शिकवा' असा फलक मी तरी पाहिला नाही.

उंबरठा

@दहा_बाय_दहा, झोळीचं वाचून गप्प झाले. त्या ताई आळशी आहेत असं मला म्हणायचं नव्हतं, पण लिहिताना तसंच उमटलंय, हे खरं.

@नोंदवही, मधाचा मुद्दा बिनतोड. पण मग जुनीला आधी नव्या माहितीची उजळणी द्या आणि नंतर सोबत पाठवा.

वाकडकर_बाबा

मला हा सगळा वादच जुन्या काळातला वाटतो. आमच्या सोसायटीत गेटवर नाव, फ्लॅट नंबर, मग माझ्या मोबाइलवर परवानगी. कोण ताई येणार? आमच्याकडे कोणीही आलं नाही. महिना भरमसाट पैसे मोजून मालिशवाल्या मावशी ठेवल्या होत्या, त्यांनी बाळाचं नाक ओढून सरळ करण्याचा चंग बांधला होता. एक चांगलं ऍप आणि व्हिडिओ कॉलवर नर्स, एवढं पुरे. स्वस्त पडेल आणि माहितीही सगळीकडे एकसारखी.

नोंदवही

नाक ओढून सरळ होत नाही, मावशींना सांगा.

उंबरठा

व्हिडिओ कॉलवर नर्सला दिसतं ते तुम्ही कॅमेरा धराल तेवढंच. त्या आईनं कॅमेऱ्यासमोर वरच्या दुधाची बाटली धरली असती का?

वाकडकर_बाबा

मुद्दा आहे. खरं तर... बायको तीन महिने रात्री बाथरूममध्ये जाऊन रडायची. ऍपवर रोज ती स्वतःच 'छान' असलेला हसरा चेहरा दाबत होती. मला कळलं ते तिची बहीण राहायला आली तेव्हा. मत बदललं असं म्हणत नाही, पण आमच्या गेटमधून त्या ताईंना आत कसं घ्यायचं ह्याचाही कोणी विचार करा. बाळंतीण सातव्या मजल्यावरही असते.

सागरगोटा

दोन वेगळ्या गोष्टींची भेळ होतेय. बाळ जगवण्याची भेट वेगळी, बाळ वाढवण्याची वेगळी.

पहिलीचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी. सगळे प्रशिक्षणाचं कौतुक करतात, पण तिथे दर पंधरवड्याला डॉक्टर गावात येऊन नोंदी तपासायचे आणि चूक तिथल्या तिथे सुधारायचे. तेव्हा धागाकर्तीचं अर्धं बरोबर. फक्त पहिल्या दहा भेटींवर भागत नाही, पाठीशी माणूस कायम लागतो. खेड्यात साधारण वीस आशांमागे त्यांच्यावर देखरेख करणारी एक गटप्रवर्तक तरी असते. शहरात ते बहुतेक एएनएमच्या, म्हणजे आरोग्य केंद्रातल्या नर्सच्या, गळ्यात पडतं, आणि तिच्या गळ्यात आधीच बरंच आहे.

दुसरीचं उदाहरण जमैकातलं. किंग्स्टनमध्ये १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या लहानग्यांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्याला एक तास जायच्या, दोन वर्षं. टाकाऊ वस्तूंची खेळणी न्यायच्या आणि आईला बाळाशी खेळायला लावायच्या. ती मुलं बाविशीची झाली तेव्हा त्यांची कमाई भेटी न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा २५ टक्के जास्त निघाली. म्हणजे साधारण शंभर तास. आपण पंधरा महिन्यांत पाच भेटी देतो आणि 'बाळाशी बोलता का?' ह्या रकान्यात टिक करतो.

खेळण्यांचंच बघा. ताईंना सांगितलं, घरातल्या वस्तू वापरा. एकीनं डबीत चिंचोके घालून खुळखुळा केला, छान वाजत होता. झाकण नुसतं दाबून बसवलेलं. नऊ महिन्यांच्या बाळाच्या हातात ते किती वेळ राहील? झाकण चिकटवून वरून टाका घालायचा, एवढी गोष्ट. पुस्तिकेत 'सुरक्षित खेळणी द्या' असं लिहिलेलं असतं. टाका कुठे घालायचा ते शेजारी बसलेलीच दाखवते.

नोंदवही

टाक्याचं पटलं. पुस्तिकेत त्याचं चित्र काढा.

दहा_बाय_दहा

आईला धागा वाचून दाखवला. तिचं उत्तर तिच्याच शब्दांत: "सोबत कुणी आली तर बरंच की. पण तिनं वही काढून माझ्या चुका लिहायच्या नाहीत, आणि त्या दिवशीची पिंपं दुसऱ्या कुणी बघायची."

मग विचारलं, तू स्वतः नव्या मुलीबरोबर जाशील का? म्हणाली, "भेटीचे किती देणार?"

उंबरठा

आईंना सांगा, प्रश्न अगदी बरोबर आहे. पुढच्या बैठकीत मी तोच पहिला मांडते, आणि पिंपांचं लेखी मागते. रविवारी त्या घरी असतील तर यायचंय. झोळी बघायचीय, आमच्या पिशवीतली पहिल्याच आठवड्यात उसवलीय.