नोकरीतून लांबची रजा : पहिले काही महिने तुम्ही कसे काढलेत?

चौदा वर्षं एकाच खात्यात काम करून मी वर्षभराची बिनपगारी रजा घेतली. आता पाचवा महिना चालू आहे. रजेआधी सल्ले पुष्कळ मिळाले, पैसे किती साठवावेत, वरिष्ठांना कधी सांगावं वगैरे. पण पहिल्या सोमवारी सकाळी माणसाचं काय होतं, ते कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी साडेनऊला मी चपला घालून दाराशी उभा होतो आणि मला कुठेही जायचं नव्हतं.

म्हणून हा धागा. कारण काहीही असो: थकवा, आजारपण, बाळंतपण, घरच्यांची सेवा, शिक्षण, गेलेली नोकरी, किंवा नुसतं थांबावंसं वाटलं म्हणून. काय करावं हे सांगण्यापेक्षा तुमचं काय झालं ते लिहा.

माझं सांगतो. मला कामाची आठवण आली नाही. आपली कुणीतरी वाट बघतंय, ही भावना मात्र फार आठवली. दुसऱ्या महिन्यात ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांची दृष्टी गेल्याचं कळलं. दर बुधवारी चार वाजता मी त्यांना वाचून दाखवायला जाऊ लागलो. तेवढ्या एका बुधवारने आठवड्याला पुन्हा वार आले.

* * *

माझ्या बाबतीत शरीराने आधी हिशेब मागितला. कामाचा शेवटचा दिवस गुरुवार होता आणि रविवारी मला ताप भरला. पुढचे तीन आठवडे मी झोपत होते, उठत होते, पुन्हा झोपत होते. डॉक्टरांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर सगळं तपासून घेतलं. अहवाल ठीक आले, पण तपासणी केली हे बरंच झालं. प्रत्येक थकवा कामाचाच असतो असं धरून चालू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामावरच्या ताणाला दीर्घकाळ आवर घातला गेला नाही, तर त्यातून येणारी अवस्था, असं म्हटलं. तिच्या तीन खुणा दिल्या आहेत: शक्ती संपणं, कामापासून मन उठणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. मी हे मुद्दाम लिहितेय, कारण पहिली खूण माझ्यातून तीन आठवड्यांत गेली आणि मला वाटलं, झालं, बरी झाले. मी लगेच अर्ज पाठवायला बसले. पहिल्याच मुलाखतीत समोरच्याचा प्रश्न ऐकताना मनात असा राग दाटून आला की माझी मीच दचकले. दुसरी खूण जायला पाच महिने लागले. झोप पुरी झाली म्हणजे आपण सावरलो, असं समजू नका.

* * *

‘ब्रेक’ हा शब्द माझ्या बाबतीत नका वापरू. आईला पक्षाघात झाला म्हणून मी नोकरी सोडली. शय्याव्रण होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. दिनक्रम नाही ही माझी अडचण कधीच नव्हती. बहीण रविवारी चार तास येते. पहिल्या रविवारी मी बाहेर पडलो आणि ते चार तास नुसता गाडीत बसून राहिलो. आता त्या वेळात पोहायला जातो. सेवा करणाऱ्यालाही रजा लागते. ती मागायला मला आठ महिने लागले. तुम्ही पहिल्याच महिन्यात मागा.

* * *

मी समाजशास्त्र शिकवते, सध्या दुसऱ्या बाळंतपणानंतर घरी आहे. ऑस्ट्रियातल्या मारियनथाल गावचा अभ्यास मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आले, पण तो कळला आत्ता. १९२९-३० च्या सुमारास तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझल यांनी तिथे काय घडतंय ते बारकाईने नोंदवलं. लोकांना वाचायला हवा तेवढा वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. संशोधकांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेगसुद्धा मोजला. पुरुष रेंगाळत, पुन्हा पुन्हा थांबत चालायचे. बायका भरभर जायच्या, कारण गिरणीतली मजुरी गेली तरी घरचं काम होतंच.

पुढे याहोडांनी मांडलं की नोकरी पगाराव्यतिरिक्तही काही देत असते: दिवसाला आखणी, घराबाहेरची माणसं, सामायिक हेतू, समाजातली ओळख आणि नियमित हालचाल. गेल्या महिन्यात मी ही पाच नावं कागदावर लिहून स्वतःला तपासलं. आखणी बाळ करून देतं, हालचाल तर विचारूच नका. घराबाहेरची माणसं मात्र शून्य. सहा आठवड्यांत मी मोठ्या माणसाशी दहा मिनिटं सलग बोलले नव्हते. त्याच दिवशी एका जुन्या सहकारी मैत्रिणीला फोन केला आणि सांगितलं, रोज पाच मिनिटं दे. ती देतेय.

नोकरी गेलेल्यांची अवस्था आणि आपण मागून घेतलेली रजा एक नव्हे, हे मला ठाऊक आहे. मारियनथालच्या लोकांकडे परतीची तारीख नव्हती. पण कागदावरची ती पाच नावं दोघांनाही उपयोगी पडतील.

* * *

नऊ वर्षं रात्रपाळीची परिचारिका. रजा घेतली तेव्हा वाटलं, आता इतरांसारखी रात्री झोपेन. पण कित्येक रात्री तीन वाजता टक्क जागी. माणसाचं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं आणि सकाळचा उजेड ते रोज जुळवतो, हे मी शिकले होते, पण स्वतःवर कधी वापरलं नव्हतं. मग झोप झालेली असो वा नसो, ठरलेल्या वेळी उठून अर्धा तास उघड्यावर चालायचं, एवढा एकच नियम ठेवला. पाचव्या आठवड्यात घडी बसली.

* * *

पैशाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. साठवलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली आणि दर एक तारखेला ठरावीक रक्कम रोजच्या खात्यात आपोआप येईल अशी सूचना बँकेला दिली. आधी प्रत्येक खर्चाला जीव कासावीस व्हायचा. आता महिन्याचं मिळालंय, त्यात भागवायचं, इतकंच. आणि आरोग्य विमा नोकरीच्या ठिकाणाकडून मिळालेला असेल, तर नोकरी सोडण्याआधी स्वतःचा घ्या. मी उशीर केला, मधले दोन महिने जिवात जीव नव्हता.

* * *

माझ्या यादीत एकेचाळीस गोष्टी होत्या. भाषा, पोहणं, संगीत, तीन ऑनलाइन कोर्स. दोन महिन्यांत सगळं अर्धवट राहिलं आणि ऑफिसात असायची तीच धडधड पुन्हा सुरू झाली. एका संध्याकाळी बायको शांतपणे म्हणाली, “अहो, तुम्ही साहेब बदललात फक्त.” मी यादी फाडली. तबला तेवढा ठेवला.

मला धीर आला तो लंडनमधल्या एका अभ्यासाने. नवी सवय अंगवळणी पडायला तिथे सरासरी ६६ दिवस लागले होते, पण कुणाला १८ पुरले तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मी आज ११२ व्या दिवशी आहे आणि अजून रोज स्वतःला ढकलत बसवावं लागतं. तरी बसतो.

* * *

दीड वर्षाने कामावर परतले, त्याबद्दल. मुलाखतीत “मधल्या काळात काय केलंत?” हे विचारतातच. पहिल्या तीन वेळा मी माफी मागितल्यासारखं उत्तर दिलं. चौथ्या वेळी दोन वाक्यांत खरं सांगितलं, वडील आजारी होते, मी त्यांच्याजवळ होते, आणि थांबले. समोरून पुढचा प्रश्न आला, इतकंच. लिंक्डइनवर २०२२ पासून करिअर ब्रेकची वेगळी नोंद करता येते, ती केली आणि लपवाछपवीचं ओझं गेलं.

परतल्यावरचे पहिले पंधरा दिवस मात्र कठीण गेले. सॉफ्टवेअर बदललेलं, माणसं बदललेली आणि दुपारी तीनला डोळे मिटायला लागायचे. रजेत जुळवून घ्यावं लागतं तसंच परततानाही, याची तयारी मी केली नव्हती. कुणी महिनाभर अर्धवेळ काम मागून परतलं असेल तर लिहा. माझ्या बहिणीची रजा पुढच्या महिन्यात संपतेय, तिला विचारायचंय.