प्रोस्टेट 58 ग्रॅम आहे. शस्त्रक्रिया करावी की गोळ्यांवर थांबावे?

प्रश्न (खानापूर)
आमचे आप्पा 71 वर्षांचे आहेत. रात्री चार-पाच वेळा उठावे लागते, लघवीची धार बारीक झाली आहे, आणि बेळगावला बसने जायचे असले की ते सकाळपासून पाण्याला तोंड लावत नाहीत. सोनोग्राफीत प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, 58 ग्रॅम भरली आणि लघवी झाल्यावरही मूत्राशयात 90 मिली शिल्लक दिसली. पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगाचा संशय पाहण्यासाठीची रक्ततपासणी) 2.4 आहे. टॅम्सुलोसिन 0.4 मिलिग्रॅमची गोळी तीन आठवडे चालू असून थोडा फरक जाणवतो. पाहुणे मात्र म्हणतात, एवढी वाढली आहे तर काढूनच टाका. थांबण्यात धोका आहे का?

उत्तर (निपाणी)
केवळ ग्रॅमवरून हा निर्णय होत नाही. लघवी पूर्ण अडकून नळी घालावी लागणे आणि औषध देऊनही नळीशिवाय न होणे, वारंवार संसर्ग, मूत्राशयात खडे, न थांबणारा रक्तस्राव किंवा मूत्रपिंडांवर ताण यांपैकी काही असेल, तर शस्त्रक्रिया लांबवू नये. आपण यांपैकी काहीच लिहिलेले नाही. मूत्रपिंडांचे काम कळण्यासाठी रक्तातले क्रिएटिनिन तपासले आहे का, ते पाहावे. टॅम्सुलोसिन स्नायू सैल करते, ग्रंथी लहान करत नाही. ग्रंथी मोठी असल्यास डॉक्टर जोडीला फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड देतात. त्यांचा गुण यायला सहा महिने लागू शकतात आणि त्यांनी पीएसए सुमारे निम्म्यावर येते, म्हणून पुढचा अहवाल पाहणाऱ्याला ही गोळी चालू असल्याचे सांगावेच लागते. पाणी दिवसा प्यावे, संध्याकाळनंतर चहा-पाणी कमी करावे.

उत्तर (चिकोडी)
मी दोन वर्षांपूर्वी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून घेतली, ज्याला टीयूआरपी म्हणतात. सर्दीसाठी दुकानातून आणलेली गोळी घेतली आणि त्याच रात्री लघवी अडकली; नाक मोकळे करणाऱ्या काही औषधांनी असे होते, हे मला नंतर कळले. नळी काढून पाहिली, पण जमले नाही. कमरेत भुलीचे इंजेक्शन देऊन काम झाले, धार सुधारली, तरी काही आठवडे अधूनमधून लघवीतून रक्त येत होते आणि वजन उचलायला मनाई होती. पुढे वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते, हे मला आधी कोणीच सांगितले नव्हते. वयाला काय फरक पडतो, असे म्हणणाऱ्यांनी ते रुग्णालाच विचारावे. ग्रंथी फार मोठी असेल तर होलमियम लेझरने आतला भाग सोडवून काढतात. तिथे यंत्रापेक्षा डॉक्टरांचा हात किती बसला आहे, याची चौकशी अधिक करावी.

प्रश्नकर्ता
क्रिएटिनिन 1.0 आहे. आणखी एक अडचण म्हणजे पुढच्या महिन्यात आप्पांचा मोतीबिंदू काढायचा आहे.

उत्तर (निपाणी)
मग टॅम्सुलोसिन चालू असल्याचे डोळ्यांच्या डॉक्टरांना आजच कळवा. या गोळीने शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सैल पडू शकतो. आधी माहीत असले की ते तशी तयारी ठेवतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, कारण बंद केल्यावरही तो परिणाम टळेलच असे नसते, आणि लघवी अडकली तर मोतीबिंदूही लांबणीवर पडेल.