मानसशास्त्राचा अंतिम प्रकल्प: तक्त्यांपलीकडे काय देता येईल?

पाटीपेन्सिल
उच्च माध्यमिक वर्ग, ४० मुलं, चार-चार जणांचे १० गट, हातात चार आठवडे. प्रयोगशाळा नाही. पुठ्ठा, कात्री, छापील कागद आणि फोनवरचं स्टॉपवॉच एवढंच साहित्य धरा. मेंदूची रंगीत प्रतिकृती आणि फ्रॉइडवरचा तक्ता सोडून काय देता येईल? मुलांना करावंसं वाटलं पाहिजे, पण नुसती सजावट नको. कृती तपशिलात सांगा. कोणते विषय देऊच नयेत, तेही.

अर्धविराम
विषय निवडताना एकच चाळणी लावा: या प्रकल्पात मुलांचा अंदाज चुकू शकतो का? चुकू शकत नसेल तर तो निबंधच, कितीही रंगवला तरी.

हाताने काही बनवायची आवड असलेल्या गटाला म्युलर-लायर भ्रमाची सरकपट्टी द्या (टोकांच्या पात्यांच्या दिशेमुळे सारख्या लांबीच्या रेषा लहान-मोठ्या दिसतात, तो हा भ्रम). भ्रम १८८९ पासून माहीत आहे, पण तो मोजायचं यंत्र पुठ्ठ्यातून बनवता येतं. दोन्ही बाजूंनी उघडं, २० सेमी लांब पाकीट करा. त्यावर १० सेमीची रेषा काढा. तिचं उजवं टोक बरोबर पाकिटाच्या कडेवर यायला हवं. दोन्ही टोकांना रेषेकडे आत वळलेली पाती, प्रत्येकी अडीच सेमी, रेषेशी ३० अंशांत. आत सरकणारी पट्टी २२ सेमी. तिच्यावर त्याच रेषेची पुढची वाढ आणि शेवटी बाहेर फाकलेली पाती. पट्टीच्या मागच्या बाजूला मिलिमीटरच्या खुणा करा, म्हणजे वाचन फक्त प्रयोगकर्त्याला दिसेल. दोन्ही भाग सारखे दिसेपर्यंत प्रयोज्याने (ज्याच्यावर प्रयोग होतो त्याने) पट्टी सरकवायची. बहुतेक जण बाहेर फाकलेल्या पात्यांची रेषा १०० मिमीपेक्षा आखूड ठेवून थांबतात. कमी पडलेले मिलिमीटर म्हणजे भ्रम.

प्रत्येकाची १० वाचनं घ्या: पाच वेळा पट्टी खूप बाहेर ठेवून सुरुवात, पाच वेळा खूप आत ठेवून. एकाच बाजूने सुरुवात केली तर माणूस अलीकडेच थांबतो आणि ती चूक भ्रमाच्या खात्यात जमा होते. मग ६० अंशांच्या पात्यांचं दुसरं यंत्र करा. भ्रम वाढेल की घटेल, हे मुलांनी आधी लिहून बंद पाकिटात द्यायचं. (घटतो. पण हे त्यांना सांगू नका.)

बिघडतं ते बहुधा सैल पट्टीमुळे. ती तिरकी झाली की सांध्यापाशी रेषा मोडते आणि प्रयोज्य भलत्याच खुणेवर भिस्त ठेवतो. दोन्ही रेषा एकाच पेनाने, सारख्या जाडीच्या काढा.

चक्रवाक
स्मरणाचा विषय हवा असेल तर खोट्या आठवणीचा प्रयोग घ्या. रोडिगर आणि मॅकडरमॉट यांनी १९९५ मध्ये डीझ यांची १९५९ ची पद्धत पुन्हा वापरली: एकाच शब्दाशी नातं असलेल्या शब्दांची यादी ऐकवायची, पण तो शब्द (सूचक शब्द) वगळायचा. त्यांच्या पहिल्या प्रयोगात, यादीत नसलेला हा सूचक शब्द सुमारे ४० टक्के वेळा 'आठवला'. साहित्य म्हणाल तर कागद आणि एक ध्वनिमुद्रण.

यादी अशी: पलंग, उशी, पांघरूण, जांभई, घोरणं, स्वप्न, डुलकी, गादी, अंगाई, थकवा, रात्र, जाग. 'झोप' मुद्दाम वगळलेला. अशा सहा याद्या लागतील. इंग्रजी याद्यांचं भाषांतर करू नका, कारण शब्दांचे लागेबांधे भाषेगणिक बदलतात. गटाने आधी १५ जणांना एकेक शब्द सांगून मनात येणारा पहिला शब्द लिहून घ्यावा. ज्या शब्दांवरून वगळलेला शब्द वारंवार येतो तेच ठेवायचे, घट्ट नात्याचे आधी. खरी सर्जनशीलता इथेच लागते. हे १५ जण पुढे प्रयोज्य म्हणून चालणार नाहीत.

याद्या एकाच आवाजात मुद्रित करा, दर दीड सेकंदाला एक शब्द. समोर उभं राहून वाचलं की महत्त्वाच्या शब्दावर नकळत जोर पडतो. शेवटी २४ शब्दांचा ओळख-कागद: १२ ऐकवलेले, ६ वगळलेले सूचक, ६ पूर्ण असंबद्ध. प्रत्येकापुढे 'होता/नव्हता' आणि खात्री १ ते ४. असंबद्ध सहा शब्द विसरलात तर प्रकल्प कोसळला. नुसतं दिसेल त्याला 'होता' म्हणणारा माणूस आणि खरोखर फसलेला माणूस यांत फरकच करता येत नाही.

निरीक्षक
अर्धविराम यांची चाळणी मान्य, पण प्रत्येक गटाला मिलिमीटर मोजायला लावू नका. नाटक आवडणाऱ्या मुलांना साक्षीदाराची उलटतपासणी द्या. लॉफ्टस आणि पामर (१९७४) यांनी अपघाताची चित्रफीत दाखवून गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नातलं क्रियापद फक्त बदललं आणि अंदाज बदलले. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने 'फुटलेली काच दिसली का?' असं विचारलं, तेव्हा जोरकस क्रियापदाच्या गटात ५० पैकी १६ जण 'हो' म्हणाले, सौम्य क्रियापदाच्या गटात ७. काच फुटलेलीच नव्हती.

मुलांनी खेळण्यातल्या दोन गाड्यांची २० सेकंदांची चित्रफीत करावी. एका चिठ्ठीवर 'गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा', दुसरीवर 'एकमेकींना लागल्या तेव्हा'. बाकी मजकूर अक्षरशः सारखा. चिठ्ठ्या पिसून वाटा, बाकांच्या रांगेप्रमाणे नको. मैत्रिणी एकाच रांगेत बसतात आणि उत्तरंही एकसारखी देतात. तोंडी विचारणं तर नकोच, पहिलं उत्तर सगळ्या वर्गाला ऐकू जातं. निकाल वर्गात खटल्याच्या रूपात मांडायचा: एक वकील, एक साक्षीदार, एक तज्ज्ञ, १० मिनिटं. तज्ज्ञाने वर्गातलीच आकडेवारी वापरायची.

आता नको ते. मिलग्रॅमच्या आज्ञापालनाच्या प्रयोगाची (दुसऱ्याला विजेचे झटके द्यायचा हुकूम) नक्कल नको, 'छोट्या अल्बर्ट'सारखं (बाळाला मुद्दाम भीती शिकवण्याचा प्रयोग) कुणाला घाबरवणंही नको. सहाध्यायांना नैराश्य-चिंतेच्या प्रश्नावल्या तर मुळीच देऊ नका. एखाद्याने गंभीर उत्तर लिहिलं तर पुढे काय करायचं हे सोळा वर्षांच्या मुलाला ठाऊक नसतं, आणि निनावी कागदावरून तुम्हालाही तो विद्यार्थी सापडत नाही. बाकी प्रकल्पांतही पालकांची लेखी संमती, नावाऐवजी क्रमांक, मधेच उठून जायची मुभा आणि शेवटी खरा हेतू सांगणं, एवढं हवंच.

पाटीपेन्सिल
वा, कामाचं आहे. दोन शंका. सांख्यिकी न शिकलेल्या मुलांनी निष्कर्ष कसा काढायचा? आणि अपेक्षित परिणाम आलाच नाही तर गुण कसे द्यायचे?

अर्धविराम
सरकपट्टीसारख्या प्रयोगात, जिथे एकच माणूस दोन्ही स्थितींतून जातो, तिथे चिन्ह-कसोटी पुरते. १२ प्रयोज्यांपैकी किती जण आधी वर्तवलेल्या दिशेने गेले ते मोजा. १० किंवा अधिक गेले, तर निव्वळ योगायोगाने तसं होण्याची शक्यता सुमारे २ टक्के. सूत्र द्यायची गरज नाही: १२ नाणी ५० वेळा उडवायला लावा, १० किंवा अधिक छापे किती वेळा पडतात ते मुलं स्वतःच बघतील. साक्षीदाराच्या प्रयोगात गट वेगळे असल्याने ही कसोटी लागू नाही. तिथे दोन्ही गटांचे मध्यक (उत्तरं क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं) काढून प्रत्येक उत्तराचा ठिपका आलेखावर दाखवा.

चक्रवाक
गुणांचं: परिणामाला शून्य गुण ठेवा आणि हे पहिल्याच दिवशी जाहीर करा, नाहीतर आकडे 'दुरुस्त' होतात. १०० पैकी ३० आराखड्याला, २५ कच्च्या नोंदींना, २५ 'काय बिघडलं असेल आणि ते कसं तपासाल' याला, २० मांडणीला. कच्चे कागद पेनाने लिहिलेले, खोडरबर बंद, चुकलं तर एक रेघ. दुसऱ्या आठवड्याअखेर तीन जणांवर रंगीत तालीम घेतल्याशिवाय गटाला पुढे जाऊ देऊ नका. सूचना न समजणं, वेळ कमी पडणं, चिठ्ठ्यांची सरमिसळ, हे सगळं तिथेच उघडं पडतं, आणि दुरुस्तीला दोन आठवडे उरतात.