रायवळ आंब्यांचा जॅम मायक्रोवेव्हमध्ये जमतो का? मिरग तोंडावर आलाय

पडवी (राजापूर तालुका)

आमच्या परड्यात रायवळची दोन झाडं आहेत. सध्या रोज सकाळी पाटीभर आंबे पडलेले मिळतात. वासाला सुरेख, पण शिरांनी भरलेले आणि चवीला आंबटगोड. साटं (आंबापोळ्या) घालून झाली, रायतं झालं, शेजारी वाटून झाले. आता आभाळ भरून यायला लागलंय, पुढची साटं वाळतील असं वाटत नाही. धाकटा रोज चपातीबरोबर जॅम मागतो, म्हणून घरीच करावा म्हणते.

गेल्या वर्षी गॅसवर केला होता. दोन किलो रस एकदम पातेल्यात घातला आणि पावणेदोन तास ढवळत बसले. उडून हातावर फोड आले. पातळ वाटला म्हणून आणखी आटवला, तर गार झाल्यावर त्यात चमचा रुतेना. पुढच्या खेपेला घाबरून लवकर उतरवला, साखरही निम्मीच घातली, तर दहा दिवसांत बुरशी आली. सगळा टाकावा लागला, फार वाईट वाटलं.

घरात मिक्सर, कुकर आणि दिरांनी मुंबईहून आणलेला मायक्रोवेव्ह आहे, त्यात आजवर फक्त दूध गरम केलंय. जॅम घट्ट धरायला घालतात ती पेक्टिनची पावडर इथे मिळत नाही. कमी खर्चात, कमी वेळात होईल का?

आगर (वेंगुर्ला)

ताई, नक्की होईल. मी 11 वर्षं मे महिन्यात असाच करते, आणि माझ्या मते जॅमला हापूसपेक्षा रायवळच बरा. त्याचा आंबटपणाच जॅम धरायला मदत करतो.

तुमचं कुठे चुकलं ते आधी सांगते. जॅममध्ये शिजवण्यापेक्षा पाणी उडवण्याचं काम मोठं. खोल पातेल्यात दोन किलो रस म्हटला की पाणी उडायला तास-दीड तास जाणार, तोवर रंग काळवंडतो आणि आंब्याचा वास निघून जातो. शिवाय गरम जॅम नेहमीच पातळ दिसतो. डोळ्यांनी ठरवायला गेलं की माणूस फसतो. म्हणून मी वजनकाट्यावर ठरवते. घरात छोटा डिजिटल काटा असेल तर तोच या कामातलं सगळ्यात उपयोगी यंत्र समजा.

एका वेळी 500 ग्रॅमच रस घ्या. मिक्सर आधी लावू नका. शिरा बारीक तुटतात, चाळणीतून खाली उतरतात आणि मग जिभेला लागतात. आधी हाताने पिळा, पुरणाच्या चाळणीवर घासा, मग हवं तर मिक्सरमधून एकदाच फिरवा. दर दहा आंब्यांत दोन अर्धवट पिकलेले घ्या, त्यांत पेक्टिन जास्त असतं. ते घट्ट असतात, म्हणून थोड्या पाण्यात कुकरला एक शिट्टी काढून कुस्करा. साखर घातल्यावर मात्र कुकरचं झाकण अजिबात लावायचं नाही. फेस शिट्टीत अडकतो.

काचेचा रुंद बाऊल घ्या, रस त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच यावा, नाहीतर उतू जातो. रिकाम्या बाऊलचं वजन लिहून ठेवा. रसात 350 ग्रॅम साखर घाला. लिंबू विकत आणू नका, रातांब्याची (कोकमाच्या फळाची) मीठ न लावलेली 4-5 सालं टाका आणि शेवटी काढून घ्या. रंगही छान येतो. झाकण न ठेवता पूर्ण पॉवरवर लावा, दर 3 मिनिटांनी बाहेर काढून ढवळा. हात जपा, साखरेचा रस उसळून चटका देतो. रस आणि साखर मिळून 850 ग्रॅम होते, ती 650 च्या आसपास आली की थांबा. माझ्याकडे 18-20 मिनिटं लागतात. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा जास्त, म्हणून मी सकाळीच उरकते.

साखर निम्मी करू नका. जॅम टिकतो तो साखरेवरच. विकतच्या जॅममध्ये नियमाने फळ किमान 45 टक्के लागतं, आपल्या या हिशेबात ते 75 टक्क्यांच्या वर जातं, तेव्हा मुलाला निर्धास्त द्या. खर्च म्हणाल तर साखरेचे सोळा-सतरा रुपये आणि थोडी वीज.

कांदळवन (मालवण)

आमची आये आंब्याचो मावो चुलीर आटवी, तां जॅम म्हणा नसा इतक्याच. बाटलेचा सांगतंय. बाटली उकळत्या पाण्यातसून काढून खणखणीत सुकवची. जॅम गरम आसतानाच तोंडापर्यंत भरूचो आणि झाकण लगेच घट्ट लावचा. वर जागा रवली तर वाफेचा पाणी थंयच पडता आणि बुरशी धरता. ओलो चमचो तर बाटलेक लावूचोच नाय.

पडवी (राजापूर तालुका)

काल केला. काटा शेजारच्या किराणा दुकानातून तासाभरासाठी मागून आणला. 12 व्या मिनिटाला वीज गेली! बाऊलचं वजन केलं तेव्हा रस-साखर 740 वर होती. मग सगळं पसरट कढईत ओतून गॅसवर मोठ्या आचेवर ठेवलं, सात-आठ मिनिटांत 655 झालं. रस थोडाच असल्यामुळे ढवळायला त्रास झाला नाही. गरम असताना डाळीच्या आमटीसारखा पातळ दिसत होता, मन घाबरलं, पण आकड्यावर विश्वास ठेवला. आज सकाळी बरणी आडवी केली तर हळूच सरकला, सांडला नाही. रंग केशरी-लालसर आलाय.

एक विचारायचं राहिलं. करवंदांचा असाच करता येईल का? सड्यावर अजून थोडी आहेत.

आगर (वेंगुर्ला)

कढईत ओतलंत ते उत्तम केलंत. अल्युमिनियमची नव्हती ना? रातांबा असला की स्टीलच घ्यावं.

करवंदांचा फारच सुंदर होतो. पिकलेल्या काळ्यांत मूठभर हिरवी कच्ची घाला, चीक जाईपर्यंत पाण्यात ठेवा. कच्च्या करवंदात आंबटपणा आणि पेक्टिन दोन्ही भरपूर, त्यामुळे रातांबाही नको. थोड्या पाण्यात मऊ शिजवून चाळणीवर घासा. अख्खी मिक्सरला लावू नका, बिया वाटल्या गेल्या की कडवट चव उतरते. करवंदं आंबट म्हणून 500 ग्रॅम रसाला साखर 400 घ्या आणि 680 ला थांबा. लवकर धरतो, शेवटची पाच मिनिटं दर मिनिटाला बघा. सड्यावर जायचं तर उद्याच जा, पाऊस पडला की करवंदं पाणचट होतात.