'खंडणी' या शब्दाचं काय करावं?

नगरवाली
आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शब्बाथ शाळेत (रविवारच्या धर्मवर्गात) मी आठवी-नववीच्या मुलांना शिकवते. उत्तम शुक्रवारसाठी (गुड फ्रायडे) एक छोटी पुस्तिका इंग्रजीवरून मराठीत करतेय. बायबलमधल्या मार्क १०:४५ या वचनापाशी अडले. मनुष्याचा पुत्र, म्हणजे येशू, पुष्कळांसाठी आपला जीव 'खंडणी' म्हणून द्यायला आला, असं आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय. मागच्या रविवारी एका मुलाने सरळ विचारलं, "बाई, खंडणी मागितली कोणी? देवाने?" त्याच्या कानावर हा शब्द फक्त बातम्यांतून पडलेला : बिल्डरला धमकी, खंडणीखोर टोळी. मला धड उत्तर देता आलं नाही. दुसरा शब्द सुचवाल का? पुस्तिका आठवड्याभरात छापायला जायची आहे.

जुनी पाटी
शब्द बदलू नका, ताई. खंडणी हा मराठेशाहीतला शब्द. शिवाजीमहाराजांनी सुरतेवर खंडणी बसवली असं वाचताना आपण त्यांना गुंड समजतो का? ठरवून घेतलेली रक्कम भरली की गावाची सुटका, एवढाच त्याचा अर्थ. वर्तमानपत्रांनी शब्द नासवला म्हणून शास्त्रातून तो काढायचा, तर उद्या 'पाप' जड वाटतं म्हणून 'चूक' छापाल.

पारनेरकर
ठरवलेली रक्कम हे बरोबर. आमच्याकडे अजून शेत 'खंडाने' देतात. पीक येवो न येवो, ठरलेला खंड द्यायचाच. खंडणी त्यातूनच आली असणार.

मोडी लिपी
मला तर ती 'खंडी'वरून आली असावी असं वाटतं. वीस मणांची खंडी. सारा धान्यातच भरायचे ना पूर्वी.

पारनेरकर
मग मणावरून 'मणणी' का नाही झाली? 'खंडणे' म्हणजे भाव तोडून ठरवणे, हे क्रियापद समोर असताना धान्याच्या कोठारात शिरायचं कारण काय?

सेमिनरीतला
त्या मुलाला शाबासकी द्या. त्याचा प्रश्न सोळाशे वर्षांचा आहे. मूळ ग्रीक शब्द 'लुत्रोन', म्हणजे गुलाम किंवा युद्धकैदी सोडवायला मोजलेली किंमत. बाजारातलाच शब्द. पुढे ओरिगेन आणि निस्साचा ग्रेगरी या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडितांनी ही किंमत सैतानाला दिली असं मांडलं. चौथ्या शतकातच दुसरा एक ग्रेगरी, नाझियान्झसचा, यावर संतापला : लुटारूला खंडणी, आणि तीही प्रत्यक्ष देवाकडून? १०९८ साली कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने आपला ग्रंथ पुरा केला. सैतानाचं देणं त्याने बाजूला सारलं आणि देवाच्या मानाची भरपाई ही कल्पना आणली. म्हणजे तुमचा आठवीतला मुलगा नाझियान्झसच्या बाजूचा. 'खंडणी' ठेवा. तोच शब्द हा प्रश्न विचारायला लावतो. 'मुक्तिमूल्य' छापलंत तर कोणी काही विचारणार नाही.

नगरवाली
हे वाचून फार बरं वाटलं. पण तेरा वर्षांच्या मुलाला अँसेल्म कसा सांगू?

पतसंस्था
मी पस्तीस वर्षं सोनेतारण कर्जाच्या टेबलावर बसलो. आमच्याकडे 'तारण' म्हणजे गहाण ठेवलेला माल, आणि देवळात 'तारण' म्हणजे उद्धार. लहानपणी मला दोन्ही एकच वाटायचं, आणि आता निवृत्त झाल्यावर पुन्हा तसंच वाटू लागलंय.

एक आठवण सांगतो. एक म्हातारी दर महिन्याला थोडे थोडे पैसे भरायची. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी मी कपाटातून पुरचुंडी काढली, चिठ्ठी फाडली, दोरा सोडला. दोन पाटल्या. तिने त्या आधी पदराने पुसल्या, मग मनगटात चढवल्या. चढेनात, हात सुजलेले होते. तशाच मुठीत धरून म्हणाली, "सोडवून आणल्या बया." खंडणीला माझा मराठी शब्द हाच : सोडवणूक. पाटल्या पहिल्यापासून तिच्याच होत्या. म्हणून तर सोडवायच्या.

जुनी पाटी
प्रसंग मनाला भिडला. पण सोडवणूक ही क्रिया झाली, खंडणी ही किंमत. वचनात किंमत आहे. ती गाळली तर क्रूसच गाळल्यासारखं होईल.

पतसंस्था
किंमत तिने प्रत्येक हप्त्याला मोजली होती, साहेब.

केडगावची लेक
पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत केलं ते याच हट्टापायी, की शेतात राबणाऱ्या बाईला ते कळावं. शेवटपर्यंत त्या तेच काम करत होत्या. १९२२ साली त्या गेल्या, छापून आलं त्यानंतर. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची वाट निराळी. त्यांनी ख्रिस्ताला 'गुरुमाउली' म्हटलं, अभंग-कीर्तनातून सांगितलं. कळणारा शब्द शोधताना एक संतांकडे गेला, दुसरी संस्कृताचा भार उतरवत गेली. मला दोघंही हवेत. पण शब्द एकदा ठरला की हात लावायचा नाही, असं या दोघांपैकी कोणीही मानलं नसतं.

वसईची
आमच्याकडे मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) हे वाचन होतं तेव्हा मी दचकते. १७३९ ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला ती वसई आमची, त्यामुळे खंडणी म्हटलं की आधी इतिहासच आठवतो. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आला. माझी आजी त्याआधीचा लॅटिन मिस्सा ऐकत मोठी झाली. अर्थ कळत नव्हता, पण घंटा वाजली की मान खाली जायची, असं सांगायची. आणि पतसंस्थावाले काका, तुम्ही 'देवळात' म्हणालात. चर्चला देऊळ?

पतसंस्था
हो. आमच्या घरात देऊळच म्हणतात. रविवारी देवळात जायचं. आईही तेच म्हणायची.

वसईची
आमच्याकडे जुनी माणसं इगर्जी म्हणतात, पोर्तुगीजवरून आलेला शब्द. देऊळ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे गाभारा येतो.

जुनी पाटी
इगर्जी परकी, चर्च परकं. देऊळ हाच मराठी शब्द.

मोडी लिपी
मग नाताळ, क्रूस, पाद्री हेही परत करा पोर्तुगिजांना. चावी आणि बटाटाही.

केडगावची लेक
फादर स्टीफन्स गोव्यात ओव्या लिहीत होते तेव्हा त्यांनाही हेच कोडं पडलं असणार. ख्रिस्तपुराण १६१६ ला रायतूरला छापलं, रोमन लिपीत, आणि त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटलंय. वैकुंठ चालतं तर देऊळ का नाही?

वसईची
वैकुंठ ओवीत शोभतं. रविवारी सकाळी नातवंडांना "वैकुंठाला चला" म्हणता येईल का?

पारनेरकर
आमच्या गावात दोन देवळं आहेत, खालचं नि वरचं. वरच्यावर क्रूस आहे. पत्ता विचारणाऱ्याला एवढं सांगितलं की पुरतं.

नगरवाली
पुस्तिका उद्या छापायला जातेय. 'खंडणी' ठेवली आहे. खाली एका ओळीत पाटल्यांची गोष्ट घालू का, काका?

वसईची
पारनेरकर, वरच्या देवळाला गावातले हिंदूही देऊळच म्हणतात का?