८२५९९ कार्डवर क्यू १६, तरी सगळं यूडीपी एकाच क्यूवर का पडतंय?

खराडी_व्हॉइस :
डेबियनवर मीडिया सर्व्हर, दोन सॉकेट, प्रत्येकी ८ कोअर. नेटवर्क कार्ड इंटेल ८२५९९ (येणारी पॅकेट वेगवेगळ्या क्यूंमध्ये, म्हणजे रांगांमध्ये वाटतं), ड्रायव्हर आयएक्सजीबीई. खराडीतल्या कॉल सेंटरचं आरटीपी (यूडीपीवरून जाणारा आवाजाचा डेटा) दोन गेटवेंकडून येतं. गर्दीच्या वेळी १० हजार स्ट्रीम, दर २० मिलिसेकंदाला एक पॅकेट, म्हणजे सेकंदाला ५ लाख पॅकेट. /प्रॉक/इंटरप्ट्समध्ये मात्र एकाच क्यूचा आकडा पळतो, तो क्यू हाताळणारा कोअर सॉफ्टआयआरक्यूमध्ये (कर्नलचं पॅकेट उचलायचं काम) १०० टक्के आणि आवाज तुटतो. क्यू कमीजास्त करून काही फरक पडला नाही. शनिवारी रात्री मेंटेनन्स आहे, तेव्हा नेमकं काय बदलू?

पर्वती_पॅकेट :
क्यूच्या संख्येत दोष नाही, हॅशमध्ये आहे, म्हणजे पॅकेट कुठल्या क्यूवर जाणार ते ठरवणाऱ्या हिशेबात. एथटूलला (कार्डची सेटिंग बघायची-बदलायची कमांड) छोटा एन देऊन 'आरएक्स-फ्लो-हॅश यूडीपी४' विचारा. फक्त सोर्स आणि डेस्टिनेशन आयपी दिसतील. हा ड्रायव्हर डिफॉल्टने यूडीपीचे पोर्ट हॅशमध्ये धरत नाही. तुमच्याकडे आयपीच्या जोड्या दोनच, म्हणून जास्तीत जास्त दोन क्यू भरणार, आणि दोन्ही जोड्या एकाच क्यूवर आल्या की झालंच.

मोठा एन देऊन तेच 'एसडीएफएन' करा. एस आणि डी म्हणजे आयपी, एफ आणि एन म्हणजे पोर्ट. चारही एकदम द्यावे लागतात, नुसते पोर्ट हे कार्ड घेत नाही. लगेच कर्नल लॉगमध्ये इशारा येईल की फ्रॅगमेंट झालेली पॅकेट क्रम सोडून येऊ शकतात. तो खरा आहे: पोर्ट फक्त पहिल्या तुकड्यात असतो, बाकीचे तुकडे दुसऱ्या क्यूवर जाऊ शकतात. आरटीपीचं जी.७११ (आवाजाचा कोडेक) पॅकेट २०० बाइटचं, त्याचे तुकडे होणारच नाहीत. सिपचा (कॉल जोडणारा प्रोटोकॉल) लांबलचक इन्व्हाइट १५०० बाइटच्या वर गेला तर होतील, पण लिनक्स तुकडे कुठल्याही क्रमाने जोडून घेतो. तुमच्या कामात बिनधास्त चालू करा.

खराडी_व्हॉइस :
टेस्ट मशीनवर केलं, सोळाही क्यू हलायला लागले. आता १६ ठेवू की ८?

बाणेर_कर्नल :
८ करा. /सिस/क्लास/नेट मध्ये तुमच्या इंटरफेसखाली डिव्हाइस/न्यूमा_नोड बघा. कार्ड ज्या सॉकेटला जोडलंय त्याच्याच ८ कोअरवर क्यू बसवा, नाहीतर प्रत्येक पॅकेटची मेमरी पलीकडच्या सॉकेटवरून ओढावी लागते.

क्रम महत्त्वाचा. आधी एथटूलला मोठा एल, कंबाइन्ड ८ (क्यूची संख्या). यात लिंक काही सेकंद पडते, त्यामुळे त्याच कार्डवरून एसएसएच करून बसू नका, कन्सोल हाताशी ठेवा. पूर्वी कोणी मोठा एक्स वापरून इंडायरेक्शन टेबल (हॅशवरून क्यू ठरवणारा तक्ता) हाताने भरलं असेल तर क्यू कमी करायला कर्नल नकार देतो. आधी 'एक्स डिफॉल्ट' करा. मग आयआरक्यूबॅलन्स (इंटरप्ट आपोआप कोअरवर वाटणारी सेवा) बंद करून एकेक आयआरक्यू, म्हणजे इंटरप्ट, कुठल्या कोअरवर जावा ते त्याच्या एसएमपी_ॲफिनिटी_लिस्टमध्ये लिहा. हे क्यू बदलल्यानंतरच, कारण बदलताना इंटरप्ट नव्याने तयार होतात.

मोठ्या एसमध्ये 'आरएक्स_नो_डीएमए_रिसोर्सेस' (जागा नसल्याने गळलेली पॅकेट) वाढत असेल तर मोठा जी देऊन रिंग (क्यूतल्या पॅकेटच्या जागा) ५१२ वरून २०४८ करा. कोअर आधीच १०० टक्के असेल तर मात्र रिंग वाढवून काही साधत नाही, फक्त उशीर वाढतो. व्हॉइसमध्ये तो पहिल्यांदा ऐकू येतो.

पर्वती_पॅकेट :
रीबूटनंतर यातलं काही टिकत नाही. क्यूची संख्या सिस्टमडीच्या .लिंक फाइलमध्ये 'कंबाइन्डचॅनेल्स=८' अशी लिहा. इथे हमखास फसायला होतं: सिस्टमडी जुळणारी पहिलीच फाइल घेतो, ९९-डिफॉल्ट ही मूळची फाइल मग वाचलीच जात नाही. स्वतःच्या फाइलमध्ये 'नेमपॉलिसी' ची ओळ लिहायची राहून गेली तर इंटरफेसचं नाव बदलतं आणि सर्व्हर नेटवर्कविना उठतो. हॅश आणि ॲफिनिटीसाठी एक वनशॉट (बूटला एकदाच चालणारी) सर्व्हिस करा, आणि ती मीडिया सर्व्हिसच्या आधी चालेल असं बघा.